बंद खाणींच्या वाटेवर: रेडी ते कावरे

सोमवार : सावंतवाडी, शिरोडा, रेडी

ऑक्टोबर मुद्दाम निवडला. पाऊस ओसरलेला असतो, भात कापणीला आलेलं असतं आणि सिंधुदुर्ग-गोव्याच्या खाणपट्ट्यात नवा हंगाम उघडायची तयारी चाललेली असते. पावसाने डोंगरावरून काय खाली आणलं आणि आता पुन्हा काय उकरणार, दोन्ही एकाच फेरीत बघायला मिळतं. मित्र सावंतवाडीचा, मोटारसायकल त्याची. खाण चालू असताना काय होतं याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला बघायचं होतं ते खाण थांबल्यावरचं. गाव पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

शिरोड्याहून रेडीकडे वळलं की कडेच्या मातीचा रंग बदलतो. कोकणातली माती लालच, पण इथली काळपट, जड, बोटाला चिकटून राहणारी. रेडीत लोहखनिज निघतं आणि तिथल्याच बंदरातून जहाजांवर चढतं. खाण आणि समुद्र इतके जवळ असल्यामुळे हा धंदा इथे लवकर रुजला.

बाहेरचे लोक मात्र रेडीला येतात ते गणपतीसाठी. १९७६ साली खाणीच्या मालाचा ट्रक चालवणाऱ्या एका गावकऱ्याला दृष्टान्त झाला, खणून पाहिलं तर दोन हातांची भलीमोठी मूर्ती मिळाली, आणि काही दिवसांनी जवळच उंदीर. देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या काकींनी ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदाच कोणी ऐकतंय अशा उत्साहाने सांगितली. शेवटी म्हणाल्या, "मायनिंग नसता तर देव गावलो असतो काय?" यावर काय बोलणार? खाणीवर पोट भरलेल्या गावात खाणीला नुसत्या शिव्या देऊन चालत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं ते बरं झालं.

गावामागचे जुने खड्डे पाण्याने भरलेत. पाणी हिरवंनिळं, फोटोला सुरेख. काठ मात्र सरळ तुटलेले. मित्राने दाखवलं तेव्हा लक्षात आलं, एवढं पाणी साठलेलं असून काठावर एकही गुराची वाट नाही. जनावर उतरणार कुठून? यशवंतगडावर उभं राहून संध्याकाळ काढली आणि परत सावंतवाडी गाठली.

मंगळवार : कळणे, कोलझर, बांबर्डे, दोडामार्ग

बांद्याहून दोडामार्गचा रस्ता धरला. दोन्हीकडे काजू, मध्येच रबराच्या सरळ रांगा, मध्येच अख्खी टेकडी सोलून लावलेलं अननस. ही लागवड बरीचशी केरळातून आलेल्या बागायतदारांची. उच्च न्यायालयाने सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत २०१३ पासून वृक्षतोडीला मनाई केलेली आहे आणि तरी टेकड्या उघड्या होत आल्यात. इथलं सगळं जंगल मायनिंगने खाल्लं म्हणणं सोयीचं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. फरक एवढाच की रबर काढून टाकलं तर चाळीस वर्षांनी तिथे काहीतरी रान उभं राहील. डोंगरच नेला तर रान उभं कशावर राहणार?

कळण्याचा डोंगर रस्त्यावरून दिसतो, अर्धा. उरलेला अर्धा २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या लोहखाणीने पायऱ्यापायऱ्यांनी उतरवला. गावाने विरोध केला, गावाचे दोन तट पडले, पोलीस आले, खाण झाली. मग २०२१ च्या जुलैत मोठ्या पावसात खाणीत साठलेलं पाणी मातीचा बांध फोडून खाली घुसलं. घरं, बागा, भातशेती, जे वाटेत आलं त्यात चिखल भरला.

रस्त्याकडेच्या एका घरी पाणी मागितलं. काकींनी तांब्याबरोबर खोबऱ्याचा लाडूही आणला. खाणीचं विचारल्यावर त्या आधी घरात डोकावल्या, दीर कंपनीत कामाला होता म्हणे. मग हळू आवाजात सांगितलं, "पाणी इला तसा गेला. माती मातर ऱ्हवली."

ही माती काय करते ते त्यांनी मागच्या बाजूला नेऊन दाखवलं. पोफळीच्या बुंध्याशी साचलेला थर वाळून टणक झालेला. खनिज काढताना निघणारी माती फार बारीक असते. ओली असताना पाण्याबरोबर कुठेही जाते, सुकली की तिची पापडी धरते आणि खालच्या मुळांना हवा मिळत नाही. भाताच्या वाफ्यात असा थर बसला तर नांगराला जोर लागतो, पाणी मुरत नाही. एका पावसाची घाण काढायला किती उन्हाळे लागतात याची नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात रकानाच नसतो. पंचनामा त्या वर्षीच्या पिकाचा होतो.

"डोंगर म्हणजे आमचो रांजण," काकी म्हणाल्या. भूगर्भशास्त्राच्या तासाला जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं. वरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. चार महिन्यांचा पाऊस तो पिऊन घेतो आणि खाली झिरपू देतो. त्याखालचा लोहखनिजाचा भुसभुशीत थरही पाणी धरून ठेवणारा. म्हणजे कंपनीला जो माल हवा असतो, त्याच थरात गावाचं मार्च ते मेपर्यंतचं पाणी असतं. माल उचलायचा आणि पाणी ठेवायचं, असं करताच येत नाही. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पंप लावून पाणी उपसावं लागतं, ते ओढ्यात सोडलं जातं, आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते.

दुपारी कोलझरला गेलो. इथे डोंगर शाबूत आहे, म्हणून झरे शाबूत आहेत. पोफळीच्या बागांतून पाटाचं पाणी खेळतंय, वेलांवर मिरी, मध्ये केळी, सुपारीच्या सावलीत ऑक्टोबरचं ऊन जाणवत नाही. कुणाच्या बागेत पाणी किती वेळ वळवायचं हे ठरलेलं. पंप नाही, विजेचं बिल नाही. असनिये, झोळंबे या बाजूची गावं मायनिंगच्या नावाने का उसळतात ते समजून घ्यायला ग्रामसभेचे ठराव वाचायची गरज नाही, अशा एका बागेत तासभर बसलं तरी पुरे.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या जिल्ह्यातल्या खाणींवर कडक शब्दांत लिहिलं होतं. पुढे प्रकरण न्यायालयात फिरत राहिलं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी ते दोडामार्ग हा वाघांच्या ये-जा करण्याचा पट्टा मानून तिथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याची प्रक्रिया चार महिन्यांत पुरी करायला सांगितलं. कोलझरच्या बागेत भेटलेल्या एका काकांना तो निकाल तारखेसकट पाठ होता. चार महिन्यांचं विचारलं तर नुसते हसले.

उतरत्या उन्हात हेवाळे-बांबर्डे. इथल्या देवराईत रानटी जायफळांची दलदल आहे, महाराष्ट्रात अशी जागा दुर्मीळ. झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली, श्वास घ्यायला. पायाखाली वर्षभर वाहणारं पाणी. राज्याने तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिलाय, पण दर्जा मिळायच्या कितीतरी आधीपासून देवाच्या धाकाने लोकांनी कोयता लावला नव्हता. चपला बाहेर काढून आत गेलो. जळवा लागल्या.

रात्री दोडामार्गात मित्राच्या आत्याकडे मुक्काम. जेवणात बांगड्याचं तिखलं आणि हत्तींच्या गोष्टी. २००२ साली कर्नाटकातून हत्ती या बाजूला उतरले ते येत-जात राहिलेत. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे गावात कुणाची केळी राहिली आणि कुणाची गेली यावर आता नातेवाइकांची विचारपूस सुरू होते.

बुधवार : डिचोली, शिरगाव, मये

तपासनाका ओलांडला की गोवा. भाषा हळूहळू वळते, डोंगर तेच राहतात. डिचोलीकडे उतरताना जे हिरवे डोंगर दिसतात त्यांतले काही डोंगर नाहीतच, हे मित्राने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. ते डंप. एक टन खनिज काढायला अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. खड्डा जितका खोल, त्याहून उंच ढिगारा शेजारी. त्यावर खाणवाल्यांनी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली आणि दुरून सगळं हिरवं केलं. खाली उतरून पाहिलं तर झाडाखाली गवत नाही, पाखरांचा आवाज नाही, पावसाच्या ओघळांनी उतार चिरलेले. सरकारी कागदात याला वनीकरण म्हणतात.

गोव्यातल्या खाणींची मुळं पोर्तुगीज काळातली. पोर्तुगीजांनी खाणींच्या कायमच्या सनदा दिल्या, १९८७ च्या कायद्याने त्या सनदांची लीज, म्हणजे ठरावीक मुदतीचे भाडेपट्टे, झाली. चीनची मागणी वाढली तसा दोन हजारच्या दशकात धंदा सुसाट सुटला. पूर्वी टाकाऊ म्हणून डंपात फेकलेला कमी प्रतीचा मालही विकला जाऊ लागला. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक माल बाहेर गेला, त्यात थोडा कर्नाटकचाही.

डिचोली बाजारातल्या हॉटेलात पातळ भाजी-पाव खाताना शेजारच्या टेबलावर दोघे ट्रकमालक बसले होते. आम्ही मराठी बोलतोय म्हटल्यावर तेही मराठीवर आले. त्यांना न्यायालयाच्या तारखा घरातल्या लग्नाच्या तारखांपेक्षा पक्क्या ठाऊक होत्या. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाच्या अहवालानंतर १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ ला निकाल आला: सगळी लीज २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, म्हणजे त्यापुढची पाच वर्षं जे उपसलं ते बेकायदा, आणि यापुढे वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा. सरकारने ८८ लीजांचं नूतनीकरण केलं. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने तेही रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प.

"न्यायालय बरोबर असेल हो," त्यातला वयस्कर म्हणाला, "पण बँकेचा हप्ता कुठल्या न्यायालयात टाकायचा?" शेत विकून ट्रक घेतलेले, नाहीतर शेतात माती आली म्हणून शेती सोडून ट्रक घेतलेले, असे शेकडो लोक या तालुक्यात आहेत. सरकारने मदतीच्या योजना काढल्या, त्या काहींना मिळाल्या. ट्रक अंगणात गंजले. लीजधारकांनी मात्र तोवर कमवायचं ते कमावलेलं होतं. मला त्या दोघांचा राग यायला हवा होता का, माहीत नाही. आला नाही.

शिरगावला पोचलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. लईराई देवीचं हे गाव. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला व्रतस्थ धोंड निखाऱ्यांवरून चालतात. गोव्यातच नाही, सिंधुदुर्गातही घरोघरी धोंड आहेत, माझ्या मित्राचे काका त्यांतले. व्रताच्या दिवसांत सोवळं कडक, आंघोळीला तळी लागते, विहीर लागते. आणि नेमकं या गावाचं पाणी खाणींनी ओढून घेतलं. गावाला तीन बाजूंनी खड्ड्यांनी घेरलेलं, खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले. विहिरी आटल्या, शेतं पडीक पडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांच्या पाहण्या झाल्या. टँकर आणि नळ आले.

देवळाजवळच्या एका आजींच्या परसात विहीर आहे. वर जाळी, जाळीवर सुकत घातलेल्या मिरच्या. खाण बंद झाली त्या वर्षांत पाणी परत आलं का, असं विचारलं. "आलं ना," आजी म्हणाल्या, "पण आधीसारखा तळ दिसत नाही. लालसर असतं. आम्ही भांडी घासतो." खड्डा पाण्याने भरला की भोवतीची पातळी थोडी वर येते हे खरं. पण डोंगराचा वरचा जांभा गेलेला असतो, म्हणजे पावसाळ्यात मुरायचं ते वाहून जातं. जिथे झरा होता तिथे आता खड्ड्याची भिंत आहे. पंप बंद केल्याने झरा जन्माला येत नाही.

आणि आता खाणी परत उघडतायत. २०२२ च्या डिसेंबरात गोव्यात खनिज गटांचे लिलाव सुरू झाले. डिचोलीच्या पहिल्या गटाचं क्षेत्र ४७८ हेक्टर, त्याच्या हद्दीत घरं, देवळं आणि शेतजमिनीही आल्या म्हणून मुळगाव, लामगाव, मये, शिरगावच्या लोकांनी आवाज उठवला. २०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाली. कायद्याच्या नजरेने हा स्वच्छ प्रारंभ आहे: पारदर्शक लिलाव, नवी मंजुरी. आजींच्या परसातून बघितलं तर तोच डोंगर, तोच उपसा.

मये तळ्यावर संध्याकाळी बोटी फिरत होत्या, पर्यटक भेळ खात होते. मयेकरांची तर वेगळीच तऱ्हा. गावची बरीच जमीन पोर्तुगीज काळातल्या सरदाराच्या नावावर, गोवा मुक्तीनंतर ती निर्वासित, म्हणजे सोडून गेलेल्या मालकाची, मालमत्ता ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कित्येकांच्या हातात धड कागद नाही. स्वतःची म्हणून जमीन सिद्ध करता येत नसेल तर ती बिघडवल्याची भरपाई कुणी मागायची?

गुरुवार : साखळी, पिसुर्ले, सोनशी, वाळपई

आज रस्ता कमी, थांबणं जास्त. सत्तरी तालुक्यात शिरताना पिसुर्ल्याची शेतं लागतात. काही वाफ्यांत भात पिवळं पडलेलं, शेजारच्या वाफ्यात नुसती लव्हाळ्यासारखी गवतं. एक शेतकरी विळा घेऊन बांधावर बसले होते. खाणी बंद असतानाही दर पावसात डंपावरून माती उतरते, ओढ्याचं पात्र उथळ होतं, पाणी शेतात घुसतं. ओढ्यातला गाळ काढायचा कोणी, पंचायतीने, जलस्रोत खात्याने की कंपनीने, यावर दरवर्षी मे महिना संपतो. वायंगण तर त्यांनी केव्हाच सोडलं. उन्हाळी भाताला पाणी लागतं, आणि पाणी आलं तरी कुठल्या रंगाचं येईल याचा भरवसा नाही.

सोनशी त्याहून छोटं. हे गाव खाणींच्या मधोमध आणि ट्रकांच्या वाटेवर. एप्रिल २०१७ मध्ये धुळीने आणि पाण्याविना वैतागलेल्या लोकांनी खनिजवाहू ट्रक अडवले. ४५ जणांना अटक झाली, त्यात बायकाही. जामिनाची रक्कम भरणं परवडत नाही म्हणून ते बरेच दिवस कोठडीत राहिले, पोरं मागे घरी. नंतर उच्च न्यायालयाने धुळीची दखल घेतली. आम्ही गेलो तेव्हा रस्ता शांत होता, पानं हिरवी होती, अंगणात कपडे वाळत होते. एका घराच्या खिडक्यांना आतून प्लास्टिक ठोकलेलं अजून तसंच होतं. "काढायचं राहून गेलं," म्हणाले. मग म्हणाले, "आणि आता काढून काय करणार, परत लावावं लागेल."

वाळपईत चहा घेतला. इथून पुढे म्हादई अभयारण्य. ते आणि दक्षिणेतलं नेत्रावळी, दोन्ही १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी जाहीर केली. निवडून आलेल्या सरकारला ते जमलं असतं का, अशी शंका गोव्यात उघडपणे बोलली जाते. मलाही तीच शंका आहे.

शुक्रवार : सावर्डे, उसगाळीमळ, कावरे

मित्राला रजा संपल्याने परतायचं होतं, म्हणून पहाटेच निघालो. फोंड्यावरून सावर्डे-कुडचडे. हे ट्रकांचं शहर. गॅरेज, टायरची दुकानं, स्प्रिंगपट्ट्यांचे ढीग. इथला माल नदीकाठच्या जेट्यांवरून बार्जमध्ये भरायचा आणि जुवारीतून मुरगावला जायचा. बंदीच्या वर्षांत इथे दुकानांना टाळी लागली होती. आता एका गॅरेजात तीन जुन्या टिप्परांना ताजा रंग चढत होता.

रिवणच्या पुढे कुशावतीकाठी उसगाळीमळला जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, कोरलेली चित्रं आहेत: बैल, हरणं, माणसं आणि एक गोल चक्रव्यूह. १९९३ मध्ये पुरातत्त्व खात्यापर्यंत ती पोचली, गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. खाणींच्या पट्ट्यात हा एक सडा शिल्लक राहिला. असे आणखी किती सडे मुरगावमार्गे चीनला गेले असतील, हा विचार तिथे उभं राहिल्यावर टाळता येत नाही.

कावरे हे वेळीप-गावडे या आदिवासींचं गाव, केपे तालुक्यात. इथला देवापान डोंगर त्यांच्या देवांचा. त्याच डोंगरावर खाण. लोकांनी वनहक्क कायद्याखाली दावे केले, ग्रामसभेत ठराव घेतले, ट्रक रोखले, तुरुंगात गेले. मग त्यांनी जे केलं ते मला या अख्ख्या फेरीत सगळ्यात जास्त विचारात पाडणारं वाटलं. त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि मागणी केली: खाण चालवायचीच असेल तर ती आम्हाला चालवायला द्या.

पंचायतीजवळच्या एका घराच्या सोप्यावर त्या चळवळीत असलेले दोघेजण बसले होते. चहा आला, उकडलेली कणगी (रताळ्यासारखे कंद) आली. मी स्पष्टच विचारलं, की संस्था सहकारी असली तरी खनिज त्याच थरात आहे, पाणीही त्याच थरात आहे. तुम्ही खणलात म्हणून झरा वाचेल कसा?

मोठा माणूस थोडा वेळ चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "कंपनी वता तेन्ना पयशे घेवन वता. आमी खंय वतले?" कंपनी पैसे घेऊन जाते, आम्ही कुठे जाणार? जो राहणार आहे तो पंप कुठे थांबवायचा ते ठरवेल, पावसाळ्याआधी डंपाला बांध घालेल, ट्रकांची संख्या गावाच्या रस्त्यापुरती ठेवेल, असा त्याचा हिशेब. त्याच्या शेजारी बसलेल्या तरुणाला हे पटलेलं दिसत नव्हतं. त्याचं म्हणणं, देवाच्या डोंगरावर आपल्या हातानेही कुदळ नको, पाणी राहू दे, मिरी लावू, सुपारी लावू. यावरून दोघांची आमच्यासमोरच जुंपली. कोंकणी इतक्या वेगाने चालली की निम्मं मला कळेना. काका-पुतणे आहेत, हे निघताना समजलं.